रेसिडेंटना क्लिनिकल ऑडिट शिकवायचं, की आणखी एक रजिस्टर वाढवायचं?

ओटी_नोट्स
सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षापासून प्रत्येक रेसिडेंटकडून (एमडी-एमएस शिकणाऱ्या डॉक्टरकडून) एक तरी ऑडिट, म्हणजे ठरलेले उपचार प्रत्यक्षात तसेच होतात का याची तपासणी, करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. लेक्चर नको, स्वतःच्या वॉर्डातला प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, सिझेरियनच्या वेळी अँटिबायोटिक कधी दिलं? पूर्वी ते नाळेला क्लॅम्प लावल्यावर देत, औषध बाळापर्यंत जाऊ नये म्हणून. आता चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत द्यायचं असतं. तीसेक केसपेपर काढा, इंजेक्शनची वेळ आणि चिरेची वेळ ताडून बघा, कुठे अडतंय ते शोधा, एकच बदल करा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. हे पुन्हा मोजणं राहिलं तर ती नुसती मोजदाद. थिसिस विचारतो की योग्य काय, आणि ऑडिट विचारतं की योग्य ठरलेलं आपण करतो का. दुसरा प्रश्न जास्त टोचतो.

नाइट_ड्यूटी
सर, साफ असहमत. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, तपासणीच्या रक्ताच्या बाटल्या स्वतः लॅबला नेतो, रिपोर्टही स्वतःच आणतो. एमआरडीतून (रेकॉर्ड विभागातून) तीस केसपेपर काढायला कोणाकोणाच्या सह्या लागतात ते बघा एकदा. आणि निष्पन्न काय? तपासणी पथक येणार म्हटलं की मागच्या महिन्याचे पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते ते तासातासाला नोंदवायचे तक्ते, एका रात्रीत भरले जातात. तुमच्या ऑडिटचंही तेच होणार.

ओटी_नोट्स
एका रात्रीत भरलेले पार्टोग्राफ ओळखू येतात हो. एकच शाई, एकच हात, आणि प्रत्येक बाईचं गर्भाशयमुख ताशी एक सेंटीमीटर शिस्तीत उघडलेलं! हे ओळखायची नजरच शिकवायची आहे.

जुना_सर्जन
नजर येईल, पण तोंड उघडायची सोय आहे का? बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनने प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायला सुरुवात केली. वर्षभराने पेशंट कसा आहे, बरा नसेल तर चूक कोणाची, हे त्यात लिहायचं. सर्जनची पारख ज्येष्ठतेवर नको, निकालावर करा म्हणाला. शेवटी १९१४ मध्ये त्याला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल सोडावं लागलं. तो तर नावाजलेला सर्जन होता. आमच्याकडचा जेआर-वन 'सर, तुमच्या युनिटमध्ये इन्फेक्शन जास्त आहे' असं एचओडींना (विभागप्रमुखांना) सांगणार आणि मग परीक्षेला त्यांच्याचसमोर बसणार?

थेम्सकाठचा_पुणेकर
इथे ब्रिटनमध्ये सरकारच्या १९८९ च्या श्वेतपत्रिकेपासून ऑडिट अंगवळणी पडलंय, म्हणून फार भारावून जाऊ नका. फाउंडेशनचे, म्हणजे नुकतेच पास झालेले, डॉक्टर चार-चार महिन्यांनी विभाग बदलतात. पहिली मोजणी होते, पोस्टर लागतं, सीव्हीत ओळ वाढते. दुसऱ्या मोजणीच्या वेळी तो पोरगा दुसऱ्याच विभागात! माझं म्हणणं, ऑडिट वॉर्डाच्या नावावर असावं आणि ड्यूटीसारखं ते पुढच्याला हँडओव्हर व्हावं. शिकवायचं असेल तर आधी हेच शिकवा.

लेबररूम_सिस्टर
डॉक्टर मंडळींनी आम्हाला विचारलंच नाही, तरी बोलते. इंजेक्शनला उशीर होतो तो बहुतेकदा विसरल्यामुळे नाही. पेशंट घाईत ओटीत येते, अ‍ॅलर्जी बघायचा टेस्ट डोस झालेला नसतो, औषध वॉर्डाच्या कपाटात आणि चावी तिसरीकडे. केसपेपरवर यातलं काही दिसत नाही. शिवाय ऑडिटला जे येतात ते आमच्याच चुका मोजतात. पहिल्या दिवसापासून एका सिस्टरला सोबत घ्या, निम्मी मेहनत वाचेल.

नाइट_ड्यूटी
सिस्टर, हे पटलं. कपाटाची चावी हा विषय मी उद्याही घेईन, त्यात कोणाचा इगो दुखावत नाही.

जुना_सर्जन
चावीपर्यंत सगळे तयार होतात. युनिटवार इन्फेक्शनचे आकडे भिंतीवर लावायला कोण तयार आहे ते सांगा.

ओटी_नोट्स
माझ्या युनिटचे मी लावतो. नावानिशी. पण सर, मग शेजारच्या युनिटचेही लागले पाहिजेत, आणि ते काम रेसिडेंटच्या गळ्यात मारायचं नाही.

नाइट_ड्यूटी
आणि लॅबच्या बाटल्या?