मदत हवी आहे: मागच्या खोलीत लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतं (मांद्रे, पेडणे)

मांद्रेचा_वारा
नमस्कार मंडळी. लॅपटॉप पाच वर्षांचा, विंडोज 11. घर जुनं, चिऱ्यांचं. राउटर पुढे सोप्यावर (ओसरीवर) आणि काम मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती, दीड दीड फुटाच्या. पाऊस लागल्यापासून दर पाच-दहा मिनिटांनी वायफाय तुटतं आणि आपोआप परत लागतं. कधी जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. त्याच टेबलावर मोबाईल मात्र नीट चालतो. रीस्टार्ट केला, नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडलं, नवा ड्रायव्हर टाकला. टेबलावर यूएसबी हब आहे, त्यात हार्ड डिस्क आणि बिनतारी माऊसचा रिसीव्हर. रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) घेऊ का लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलू?

फोंड्याचा_तारवाला
बाब, इतक्यात खिशात हात घालू नका. दोष लाइनचा, हवेतला की लॅपटॉपचा हे आधी कळू दे. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे छोट्या हाका मारून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं (पत्ता बहुधा 192.168.1.1, ipconfig ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिसेल), दुसरीत 8.8.8.8 ला, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. शेवटी 'डॅश टी' (-t) दिलं की तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतं. राउटरचं पिंग सुरळीत आणि बाहेरचंच अडलं तर लाइन बघा, लॅपटॉपला हात लावू नका. दोन्ही एकदम अडखळली तर भानगड घरातल्या घरात.

मग 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) चालवून सिग्नल आणि चॅनल लिहून घ्या. हे सगळं दोनदा करायचं, मागच्या खोलीत आणि राउटरपासून दोन मीटरवर. दुसरं मोजमाप लोक टाळतात आणि नेमकं तेच कामाचं असतं.

हणजुणे_42
एवढा खटाटोप कशाला? सेटिंग्जमध्ये नेटवर्क रीसेट मारा, पाच मिनिटांत काम.

फोंड्याचा_तारवाला
ते शेवटी. त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएन असेल तर तेही पुन्हा बसवावं लागतं. दोष तारेचा असेल तर एवढं करूनही फरक शून्य.

मांद्रेचा_वारा
मोजलं. मागची खोली: सिग्नल 38 टक्के, 2.4 गिगाहर्ट्झ, चॅनल 9. राउटरचं पिंग 4 मिलिसेकंदांवरून मध्येच 900 वर उडी मारतं, 100 पैकी 11 हरवली. 8.8.8.8 त्याच वेळी अडतं. राउटरजवळ: 64 टक्के, 100 पैकी 2 हरवली.

चिखलीकर_रेडिओ
तो 64 चा आकडा बघितलात? विंडोजची टक्केवारी डेसिबलमध्ये आणायची तर निम्मी करून 100 वजा करा. 64 म्हणजे उणे 68. दोन मीटरवर, मध्ये काही नसताना, 95 च्या पुढे हवं. म्हणजे भिंतींच्या आधीच लॅपटॉप बहिरा आहे. रिपीटर लावून बहिरेपणा जात नाही. भिंती निर्दोष आहेत असं नाही. चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो, आणि ओली भिंत सिग्नल जास्त खाते. कोरड्या दिवसांत जेमतेम निभत होतं ते आता निभत नाही, एवढंच.

दोन चाचण्या करा. एक, पिंग चालू ठेवून हब उपटा. यूएसबी 3 ची तार 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट करते, इंटेलने 2012 मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलंय. माऊस अडखळतो का? अडखळत असेल तर खूण पटली. दोन, 'शो इंटरफेसेस' पुन्हा पुन्हा चालवत स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करा. अँटेना स्क्रीनच्या कडेत असतात आणि त्यांच्या तारा बिजागरीतून खाली येतात.

शिवाय चॅनल 9 हे 6 आणि 11 दोघांच्याही पायात येतं. राउटरमध्ये 1, 6 किंवा 11 कायम करा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा.

मांद्रेचा_वारा
माऊस अडखळतोच, सेल गेले असं समजत होतो! हब काढल्यावर 100 पैकी 3 च हरवली. चॅनल 1 केलं. पण स्क्रीन अर्धवट मिटली की 38 चे 55 होतात, उघडली की परत खाली.

चिखलीकर_रेडिओ
मग अँटेनाची तार तुटत आलीय किंवा वायफाय कार्डावरची टोपी (तारेच्या टोकाचा बारीक गोल जोड) सुटलीय. सुटलेलीच जास्त वेळा सापडते. लॅपटॉप बंद करताना शिफ्ट दाबून ठेवा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे तो पुरता बंद होत नाही. चार्जर काढा, खालचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा जोड सोडवा. वायफाय कार्ड साधारण 22 गुणिले 30 मिलिमीटरचं, त्यावर बहुधा एक काळी आणि एक पांढरी तार. कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. टोपी सुटली असेल तर बरोबर मधोमध धरून बोटाने सरळ दाबा, 'टिक' असं जाणवतं. तिरकी दाबलीत तर मधली पिन वाकेल आणि मग कार्डच बदलावं लागेल. तुमचं गाव दर्याकाठी, तेव्हा हिरवट थर आहे का तेही बघा. असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं.

टोपी जागेवरच असेल तर बिजागरीतली तार बदलायची. ते मात्र दुकानात द्या, स्क्रीनची कड घरी उचकटू नका.

मांद्रेचा_वारा
पांढऱ्या तारेची टोपी एका बाजूने उचललेली होती. थोडा हिरवा थरही. पुसून दाबली. राउटरजवळ 97, मागे 58, स्क्रीन हलवून फरक नाही. हब लांब तारेने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला, माऊसचा रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला. 100 पैकी एकही हरवलं नाही. आता 5 गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा मागे आणायचा तर?

फोंड्याचा_तारवाला
त्या दोन भिंतींतून भरवशाचं येणार नाही. साधा रिपीटर एकाच पट्ट्यात घेतो आणि देतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा कॅट 6 तार ओढा, 100 मीटरपर्यंत चालते. भिंत फोडायची गरज नाही, छपराच्या नळ्यांखालच्या (कौलांखालच्या) फटीतून नेता येते. मागे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारं यंत्र) करून लावा: त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता 192.168.1.2, तार लॅन पोर्टमध्ये, नाव-पासवर्ड पुढच्याचाच. तार बाहेरून न्यायची झाली तर काळ्या वेष्टणाची, उन्हात टिकणारी घ्या, आणि आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पावळीचं पाणी तारेवरून घरात न येता तिथेच गळेल. वेगळ्या इमारतीत किंवा गोठ्यात मात्र तांब्याची तार नेऊ नका, विजेच्या कडकडाटात दोन्हीकडची यंत्रं जातील.

मांद्रेचा_वारा
जुना राउटर माळ्यावर पडून आहे, रविवारी तार ओढतो. देव बरें करूं.