कापाब्लांका–मार्शल, १९१८: वजिराने एफ२ चा घोडा का मारला नाही?

शाहूपुरी६४:
शनिवारी राजारामपुरीतल्या बुद्धिबळाच्या वर्गात न्यूयॉर्क १९१८ चा हा डाव मांडायचाय, कापाब्लांका पांढरा, मार्शल काळा. सुरुवात रुय लोपेझ पद्धतीची, ८...डी५ ने (आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी) मार्शलने प्यादं सोडलं. १५...घोड्याने एफ२ मारल्यावर कापाब्लांका १६. हत्ती ई२ खेळला. घोडा समोर उभा असताना वजिराने का नाही घेतला? पोरं पहिलं हेच विचारणार. आणि रविवारच्या रॅपिडला (कमी वेळेच्या डावांना) काळ्याने ही लाइन, म्हणजे हा खेळ्यांचा क्रम, खेळावा का?

मंगळवार_पेठ:
भावा, १६. वजिराने घोडा मारला की १६...उंट एच२, शह! राजाला एफ१ शिवाय घर नाही. उंट मारला किंवा एच१ ला गेला तर वजीर जातो. मग १७...उंट जी३. आता १८. वजीर ई२ ला १८...उंट एच३ मारतो आणि राजा उघडा पडतो.

क्रम मात्र घोटून घ्या. शह न देता थेट १६...उंट जी३ केलं, तर १७. वजीर एफ७ मारतो, शह! हत्तीने वजीर घेतला की १८. हत्ती ई८, मात. बी३ च्या उंटामुळे एफ७ चा हत्ती जागेवरच बांधला जातो, एफ८ ला परतता येत नाही. आधी राजा एफ१ ला ओढला असेल, तर हत्तीने एफ७ ला वजीर घेताच उलटा पांढऱ्यालाच शह बसतो, ई८ ची मात द्यायला वेळच उरत नाही. ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी दोन पटांवर मांडा. या डावात यापेक्षा शिकण्यासारखं दुसरं काही नाही.

प्रत्यक्ष डावात पुढे पांढरा राजा ई२, डी३, सी२ असा चालत सुटला आणि ३६ व्या खेळीला पांढरा जिंकला. मार्शलने ८...डी५ ही चाल १९०९ पासून लपवून ठेवली होती, हे दंतकथा म्हणूनच सांगा.

पंचगंगा_घाट:
रविवारी खेळवा, पण मार्शलसारखं ११...घोडा एफ६ नको. ११...सी६ खेळा. घोडा डी५ वर भक्कम राहतो, बी३ च्या उंटाची वाटही बंद. मग १२. डी४ उंट डी६ १३. हत्ती ई१ वजीर एच४ १४. जी३ वजीर एच३. त्यानंतर उंट जी४, ए८ चा हत्ती ई८, तिथून ई६ आणि एच६. १३...वजीर एच४ ला पांढरा जी३ विसरला, तर वजीर एच२ मारतो, शह! मात नाही, पण राजाला एफ१ ला पळावं लागतं.

बरेच जण ८. ए४ खेळून हा हल्लाच टाळतात. तेव्हा डी५ चा हट्ट नको, ८...उंट बी७ आणि मग डी६.