नोकरी मिळण्याआधी जर्मनीत दोन-तीन महिन्यांसाठी खोली कशी मिळवावी? (न्यूर्नबर्ग परिसर)

नमस्कार. मी नागपूरची असून गेली नऊ वर्षे बुटीबोरीच्या एका कारखान्यात विद्युत देखभाल विभागात काम करते. जर्मनीने जून २०२४ पासून सुरू केलेल्या चान्सनकार्टेवर, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी एक वर्षापर्यंत तिथे राहू देणाऱ्या परवान्यावर, मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघणार आहे. न्यूर्नबर्ग, फ्युर्थ आणि एरलांगन ही एकमेकांना लागून असलेली शहरे मी ऑटोमेशनच्या कामांसाठी निवडली आहेत. बाकी तयारी झाली आहे, राहण्याची सोय मात्र काही केल्या होत नाही.

घरमालक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि शुफा या पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा पतदाखला मागतात. मला तिथे पगार नाही, आणि नव्याने आलेल्या माणसाची शुफाकडे नोंदच नसते. दुसरीकडे, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करावी लागते आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. नोंदणी झाल्यावरच करक्रमांकाचे पत्र टपालाने येते, आणि पत्रपेटीवर आपले नाव चिकटवलेले नसेल तर पोस्टमन ते परत नेतो. चान्सनकार्टेवर आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा आहे, पण करक्रमांक दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. हॉटेल किंवा पर्यटकांच्या खोल्या लगेच मिळतात, परंतु तिथे हा दाखला सहसा देत नाहीत. म्युनिकला राहणारा माझा आतेभाऊ मनापासून बोलावतो आहे. त्याचा घरमालक मात्र सही करायला तयार नाही.

पैशांचीही एक गाठ आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवण्याच्या खात्यात, मी २०२५ च्या नियमाप्रमाणे १३,०९२ युरो भरले, पण त्यातून महिन्याला १,०९१ युरोच हाती येतात. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. कायद्याने ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे, परंतु नोकरी नसलेल्या माणसाने तो हक्क बोलून दाखवला तर खोलीच हातची जाईल, अशी भीती वाटते. कोणी प्रत्यक्षात हप्ते मागितले होते का?

मागच्या महिन्यात मी फसता फसता वाचले, तेही इथे लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. एरलांगनमधील सुंदर सदनिका, भाडे अगदी बेताचे, मालक परदेशात, दोन महिन्यांचे पैसे पाठवले की किल्ली कुरिअरने येईल असा निरोप होता. मी पैसे पाठवायला बसलेच होते. स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून पाहिला तर ओट्यामागच्या भिंतीवर तीन चौकोनी भोकांचे, बाजूला बटण असलेले ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट दिसले. जर्मनीत सॉकेट गोल खोबणीचे असते आणि त्यात दोन गोल भोके असतात. नऊ वर्षे हेच काम केल्यामुळे नजर तिथे गेली. एरवी बाबांच्या निवृत्तीच्या पैशातले सुमारे सव्वा लाख रुपये गेले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता दोन मार्ग दिसतात. पहिला त्स्विशनमीटे, म्हणजे कोणी काही काळ बाहेरगावी गेल्यावर त्याची सामानासह खोली घेणे. पण विद्यापीठाचे उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने विद्यार्थ्यांच्या अशा खोल्या तेव्हाच परत द्याव्या लागतात. दुसरा मोन्टॉयरत्सिमर, म्हणजे बाहेरगावच्या कामगारांसाठीच्या खोल्या. तिथे एकट्या बाईने राहणे कितपत योग्य आहे, आणि नोंदणीचा दाखला मिळतो का, हे राहिलेल्या कोणी सांगितले तर फार बरे होईल.

दरम्यान श्वाबाख येथील एका वयस्क बाईंनी त्यांच्या घरातील खोली तीन महिन्यांसाठी सर्व खर्चासह ४६० युरोंना देण्याची तयारी दाखवली आहे. तिथून न्यूर्नबर्गला लोकल गाडी आहे, त्यामुळे अंतराची अडचण नाही. येत्या शनिवारी त्या व्हिडिओ कॉलवर खोली दाखवणार आहेत. नोंदणीचा दाखला देण्याचे त्यांच्याकडून आधीच लेखी कसे घ्यावे, पत्रपेटीवर नाव लावण्याविषयी विचारणे त्यांना खटकेल का, आणि अनामत रक्कम तिथे पोहोचून किल्ली हातात आल्यावरच देईन हे जर्मन भाषेत नम्रपणे कसे म्हणावे, हे कृपया शनिवारपूर्वी सांगावे.