इब्न तुलून मशिदीत ‘बघण्यासारखं काही नाही’?

कमानवेडा: कैरोच्या सहलीवरचा एक धागा वाचून राहवलं नाही. सल्ला असा: “इब्न तुलून वगळा. मोठं रिकामं अंगण, मातकट भिंती. त्यापेक्षा सुलतान हसन मशीद बघा.” अहो, ते रिकामेपणच तर बांधलंय! 879 साली पूर्ण झालेली मशीद. सुमारे 92 मीटर बाजूचं चौरस अंगण, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, कमानींच्या पाच ओळी, उरलेल्या तीन बाजूंना दोन-दोन. दगडी खांब नाहीत. विटांचे जाड खांब, त्यांच्या चारही कोपऱ्यांत विटांचेच बारीक स्तंभ, वर चुन्याचा गिलावा आणि त्यात कोरलेली नक्षी. दोन मोठ्या कमानींच्या मधे एक छोटी कमान ठेवून भिंतीचं वजन कमी केलंय. टोकदार कमान इथे उभी होती तेव्हा युरोपातली गॉथिक चर्चं अडीचशे वर्षं दूर होती. मशिदीच्या तीन बाजूंना बाहेर आणखी एक मोकळा पट्टा आहे, म्हणून बाजाराचा गलका आतपर्यंत पोचत नाही. हे ज्याला ‘काही नाही’ वाटतं तो दारातूनच परतला असणार.

भटकी_मंजिरी: तो सल्ला माझा. दारातून परतले नाही, तासभर फिरले. भर उन्हात, सासूबाईंचे गुडघे सांभाळत. सुलतान हसनच्या उंच दालनात मान वर करून बघताना अंगावर काटा येतो, इथे नाही आला. पुस्तक वाचल्याशिवाय न कळणारं सौंदर्य चार दिवसांसाठी आलेल्या माणसावर का लादायचं?

कमानवेडा: सुलतान हसन चौदाव्या शतकातली, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळची. पाचशे वर्षांच्या अंतरावरच्या इमारतींची बरोबरी कशी लावता?

समर्रा_ते_सातारा: मंजिरीताईंची बाजू घेतो. यात कैरोचं स्वतःचं काय आहे? ही मशीद बांधणारा इजिप्तचा राज्यकर्ता इब्न तुलून इराकमधल्या समर्रात वाढला आणि तिथलंच उचलून आणलं: विटा, गिलावा, वळणदार मिनार. शिवाय आजचा दगडी मिनारही त्याच्या काळचा म्हणता येत नाही, 1296 मध्ये सुलतान लाजीनने दुरुस्ती केली तेव्हाचा आहे.

कमानवेडा: आणलं, मान्य. पण तो लाजीन सुलतान खलीलच्या खुनानंतर याच ओसाड मशिदीत लपला होता. वाचलो तर हिला पुन्हा उभी करीन असा नवस बोलला आणि पाळला. अंगणातल्या कारंज्यावरचा घुमट त्याचाच. 905 मध्ये बगदादच्या अब्बासी खलिफाच्या फौजेने तुलून घराण्याचं अल-कताई शहर जमीनदोस्त केलं, मशीद तेवढी सोडली. अख्ख्या राजधानीतली उरलेली एक वास्तू आहे ही!

चुन्याची_घाणी: तुम्ही काळावर भांडताय, मला गिलाव्यावर बोलायचंय. वडील गवंडीकामावर मुकादम होते. कळीचा चुना विरवून, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून मळलेला गिलावा त्यांनी केलेला मी बघितलाय. तो भिंतीतली ओल बाहेर सोडतो. आमच्या गावच्या वाड्याला जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंट फासलं. ओल आत कोंडली, क्षार फुटले, विटांचा भुगा होऊन पडतोय. शेजारच्या हेमाडपंती देवळाला तर गुलाबी ऑइलपेंट! कैरोच्या मशिदीचं कौतुक करणारे गावच्या बैठकीत गप्प का बसतात?

भटकी_मंजिरी: काका, धागा मशिदीचा आहे.

चुन्याची_घाणी: भिंत भिंतच असते, ताई. गावात मी एकटाच बोललो, “तुम्हाला देवळाचं चांगलं बघवत नाही” हे ऐकून घेतलं. रंग काढायला दगड घासतात, तोही जातो.

समर्रा_ते_सातारा: पण काका, वर्गणी देणाऱ्याला देऊळ स्वच्छ, चकचकीत हवं असतं. त्याची श्रद्धा खोटी ठरवणार का?

चुन्याची_घाणी: श्रद्धेला कोण काय म्हणतंय? सिमेंटला म्हणतोय! एक पिढी चकचकीत दिसेल, पुढची पिढी ढिगारा उपसेल.

कमानवेडा: काकांचा मुद्दा इथलाच आहे. मधल्या काळात याच मशिदीत कमरपट्ट्यांचा कारखाना होता, पुढे निराधारांचा आसरा. तरीही काही कमानींच्या पोटातली मूळ नक्षी आजही ओळखू येते. सुमारे 128 खिडक्यांच्या चुन्याच्या जाळ्या बहुतेक नंतरच्या, तरी सावली तीच पडते.

समर्रा_ते_सातारा: ही मशीद रचणाऱ्या ख्रिस्ती स्थपतीची कथा राहिली. चर्चांचे खांब उपटून आणायचे नाहीत म्हणून त्याने कैदेतून विटांच्या खांबांची तोड सुचवली म्हणतात. दंतकथा असेल, पण खरी निघाली तर ‘उचलून आणलं’ हे माझे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच.

भटकी_मंजिरी: ‘वगळा’ हा शब्द काढते. ‘दुपारी जाऊ नका, आधी सुलतान हसन बघा’ असं लिहीन. काटा मात्र तिथेच आला होता, ते बदलणार नाही.

कमानवेडा: ‘आधी’ नको. सकाळी आधी इब्न तुलून, मिनारावर चढून अंगण वरून बघा. मग सुलतान हसन.

भटकी_मंजिरी: सासूबाईंना मिनारावर कोण चढवणार?