साखरेने अ‍ॅड्रिनल ‘थकत’ नाहीत
गोड खाऊन खाऊन अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवर बसलेल्या, संप्रेरकं सोडणाऱ्या) दमतात, म्हणून सतत मरगळ येते, असं बरेच जण म्हणतात. त्यात थोडी भर घालतो.

गोड आणि या ग्रंथींचं नातं आहेच. रिकाम्या पोटी दोन जिलब्या आणि गोड चहा घेतला की इन्सुलिन उसळतं. काहींची साखर दोन-चार तासांनी गरजेपेक्षा खाली येते. ती साधारण ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली घसरली की साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाबरोबर अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अ‍ॅड्रिनालिनही सुटतं, म्हणून धडधड, घाम, हाताला कापरं. आणखी घसरली तर याच ग्रंथींचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, यकृताला साखर तयार करायला लावतं. पण यात ग्रंथी दमत नाही, आपलं नेमून दिलेलं काम करते. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ला एंडोक्राइन तज्ज्ञ (संप्रेरकांचे डॉक्टर) आजार मानत नाहीत. त्या नावाने विकली जाणारी महागडी सप्लिमेंट्स तर सोडाच.

उलट गंमत अशी की २०१५ च्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात १२ दिवस साखरेची पेयं घेतलेल्या बायकांमध्ये ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल कमी वाढलं. परीक्षेच्या दिवसांत गोडच का खावंसं वाटतं, त्याचा धागा कदाचित इथे असेल.

खरी निकामी अ‍ॅड्रिनल म्हणजे अ‍ॅडिसनचा आजार. त्यात वजन उतरतं, बीपी पडतं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात, आणि डोहाळे लागतात ते मिठाचे! आपल्याकडे त्यामागे टीबीही असतो. अशी लक्षणं असतील तर सकाळी आठची कॉर्टिसॉल तपासणी डॉक्टरांना विचारून करा. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या मनाने एकदम बंद करू नका, कारण त्या काळात ग्रंथीचं स्वतःचं काम मंदावलेलं असू शकतं.