जुन्या स्लाइड्स: घरी कॅमेऱ्याने उतरवाव्यात की स्कॅनिंगला द्याव्यात?

दांडियाबाजार:
माझं मत आधी सांगतो, मग ज्याला खोडायचं त्याने खोडावं. घरातल्या जुन्या ३५ मिमी स्लाइड्स (चौकटीत बसवलेले, प्रोजेक्टरवर बघायचे फिल्मचे तुकडे) बाहेर स्कॅनिंगला देऊ नका. ज्याच्याकडे लेन्स बदलता येणारा बरा कॅमेरा आहे त्याने त्या घरीच उतरवाव्यात, आणि पुढच्या दिवाळीवर ढकलू नयेत.

आपल्या बडोद्यात मराठी घरांच्या माळ्यांवर अशी खोकी बरीच आहेत. कुणाचे आजोबा युनिव्हर्सिटीत शिकवायचे, कुणाचे काका परदेशी जाऊन आले आणि येताना कोडाक्रोमचे, म्हणजे कोडॅकच्या स्लाइड फिल्मचे, रोल घेऊन आले. आता बघायचं साधनच राहिलं नाही. कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ साली थांबवलं, कोडाक्रोम फिल्म २००९ साली बंद झाली आणि ती धुणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं बंद केलं.

कॅमेरा कमी पडतो हा समज सोडा. स्लाइडची चौकट २४ × ३६ मिमी. नावाजलेला फिल्म स्कॅनर निकॉन कूलस्कॅन ५००० ती ४००० डीपीआयने (इंचाला ४००० ठिपके) वाचायचा, म्हणजे साधारण २१ मेगापिक्सेल. आज २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा कितीतरी घरांत पडून आहे. शिवाय स्लाइड पॉझिटिव्ह असते. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर काढून रंग उलटे करायची कटकट इथे नाही.

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर क्रॉप सेन्सरच्या (३५ मिमी चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची साधी लेन्स आणि मागे १२ आणि २० मिमीच्या एक्सटेन्शन ट्यूब, म्हणजे रिकाम्या नळ्या, जोडून लावा. ३२ भागिले ५० म्हणजे ०.६४ पट, ३६ मिमीची स्लाइड २३ मिमीत येते आणि बहुतेक क्रॉप सेन्सर साडेतेवीस मिमी रुंद असतात. खाली ९५ च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) असलेलं एलईडी पॅनेल, त्यावर दुधी ॲक्रिलिक आणि स्लाइड त्याच्यापासून दोन-तीन बोटं वर. एफ/८, आयएसओ १००, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा स्लाइडला समांतर आहे का हे कळायला स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध दिसलं की झालं.

पण घरी करा म्हणण्याचं माझं खरं कारण दुसरंच आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक स्लाइड येत असताना शेजारी आत्या बसलेली असते. सुरसागरच्या पाळीवर चार मुलं बसलेली, मागे तळ्यात शंकराची मूर्ती अजून आलेली नाही. माउंटच्या पुठ्ठ्यावर छाप आहे मार्च १९७४ चा. आत्या म्हणाली, "मार्च कसला, दिवाळी आहे ही, पायांत नवे बूट बघ सगळ्यांच्या." पुठ्ठ्यावरचा महिना रोल धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नसतो. चौघांची नावं तिने सांगितली, त्यातला एक आता हयात नाही. बाहेरून पेनड्राइव्ह आला असता तर त्यात ही फाइल कुठल्या तरी आकड्याच्या नावाने पडून राहिली असती.

अलकापुरी_लेन्स:
विरोध. नावं विचारायला स्कॅन करून आणल्यावरही आत्यांच्या शेजारी बसता येतं की. तुम्ही दोन वेगळी कामं एकत्र बांधताय.

धुळीचं काय करणार? चांगल्या फिल्म स्कॅनरला इन्फ्रारेडची वेगळी वाहिनी असते. फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे त्याला अडवतात, म्हणून मशीनला डाग कुठे आहे ते नेमकं कळतं आणि ते तेवढंच भरून काढतं. कॅमेऱ्यात ही सोय नाही. बडोद्यातल्या पन्नास वर्षांच्या स्लाइडवर काय काय बसलेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. हाताने एकेक ठिपका पुसत बसलात तर खोकं अर्ध्यात सुटतं, आणि अर्धवट सुटलेल्या कामासारखं वाईट काही नाही.

दुसरं, ५० ची साधी लेन्स एवढ्या जवळून सपाट वस्तू टिपायला बनलेली नसते. मध्यभाग कडक, कोपरे मऊ. चार मुलं एका ओळीत बसली असतील तर टोकाच्या दोघांवरच अन्याय होणार.

दांडियाबाजार:
धुळीचा मुद्दा वजनदार आहे, पण अर्धाच. कोडाक्रोमवर बहुतेक स्कॅनरांची इन्फ्रारेड सफाई नीट चालत नाही, ती चित्रातले बारकावेच डाग समजून खाते. आणि आपल्याकडच्या घरगुती खोक्यांत कोडाक्रोमच जास्त. तिथे स्कॅनर आणि कॅमेरा एकाच पायरीवर. हातपंप्याने हवा मारून, मऊ ब्रश फिरवून मगच उतरवली तर ठिपके बेताचे राहतात.

आणि "नंतर शेजारी बसता येतं" म्हणताय, पण बसतं कोण? फोल्डर आलं की काम झालं असं घरच्यांना वाटतं.

डार्करूमवाला:
लेन्सचं उत्तर माझ्याकडून घ्या. ज्यांच्या घरी किंवा ओळखीत पूर्वी डार्करूम होती त्यांनी एन्लार्जरची (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राची) ५० मिमी लेन्स शोधावी. ती सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर छापायलाच बनलेली असते, कोपऱ्यांपर्यंत सारखी. अडॅप्टर आणि बेलोज (मागेपुढे होणारा घडीचा भाता) लावून ती कॅमेऱ्यावर बसते. भंगारात कवडीमोलाने जाते, वाईट वाटतं.

पण मूळ मुद्द्यावर मी दोघांच्याही विरोधात आहे. स्लाइड ही उजेड आरपार जाऊन अंधारात बघायची वस्तू आहे. भिंतीभर पडलेली स्लाइड ज्याने पाहिलीय त्याला मोबाइलवरची तिची नक्कल फिकी वाटणारच. स्लाइडच्या काळोखात जे दडलेलं असतं ते एका एक्स्पोजरमध्ये पूर्ण येतही नाही. उतरवा, जरूर उतरवा, पण वर्षातून एकदा चादर टांगा, प्रोजेक्टर दुरुस्त करून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवून दाखवा. माणसं तेव्हा बोलायला लागतात. आत्याबाईंना कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यापेक्षा भिंतीवर जास्त दिसेल.

दांडियाबाजार:
काका, लेन्सबद्दल मनापासून आभार. काळोखासाठी मी अशा स्लाइडचे दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे शॉट घेऊन जोडतो, कॅमेरा जागचा हलत नसल्याने ते तंतोतंत जुळतात.

प्रोजेक्टरला मात्र माझा विरोध आहे. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर रंग फार छान धरते, पण प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर ती एक्टाक्रोमपेक्षा (कोडॅकच्याच दुसऱ्या स्लाइड फिल्मपेक्षा) लवकर उडते. आधी उतरवा, मग दाखवायचीच असेल तर उतरवलेली प्रत दाखवा.

डार्करूमवाला:
वर्षातून काही सेकंद पडद्यावर आल्याने स्लाइड मरत नाही. न बघितल्याने मात्र घरातली मुलं तिला कचरा समजतात. मी माझ्या मतावर ठाम आहे.

कारेलीबाग:
मला या वादात एकच गोष्ट सांगायची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावर शिरलं. बाबांची खोकी खालच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर हाताला लागल्या त्या एकमेकींना चिकटलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी. फिल्मवरचा चित्र धरणारा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि तसाच दाबून वाळला की शेजारच्या वस्तूला धरून बसतो. वेगळं करायला गेलं की चित्रच निघून येतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या बारशाच्या स्लाइड्स अशा गेल्या.

पुन्हा कुणावर अशी वेळ आली तर भिजलेल्या स्लाइड्स ढिगात वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, चौकटीतून फिल्म सोडवा, हळूच विसळा आणि एकेक सुटी टांगून वाळवा. दोन दिवसांच्या आत, नाहीतर बुरशी धरते.

म्हणून मी दांडियाबाजारच्या बाजूने आहे. इन्फ्रारेड, एन्लार्जर लेन्स, सगळं ठीक, पण पावसाळा कुणासाठी थांबत नाही. थोडी मऊ कोपऱ्यांची का होईना, आज प्रत असलेली बरी. आणि ती प्रत त्याच घरातल्या हार्डडिस्कवर ठेवून उपयोग नाही. एक पुण्याला दीराकडे, एक क्लाउडवर.

अलकापुरी_लेन्स:
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. प्रत दुसऱ्या गावात हवी, यावर वाद नाही.

मांजलपूर:
माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त मोबाइल. दुसऱ्या मोबाइलवर पांढरा पडदा लावून त्यावर स्लाइड ठेवली तर चालेल का? पदर उलट्या खांद्यावर दिसतोय तेही सांगा, आमच्या आज्या सगळ्या गुजराती पद्धतीने नेसल्यासारख्या वाटतायत.

दांडियाबाजार:
कुठली स्लाइड कुठे आहे याची यादी करायला चालेल, कायमची प्रत म्हणून नको. स्लाइड पडद्याला टेकवली तर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. मध्ये दुधी ॲक्रिलिक घालून ती उचलून धरा. तरी मोबाइलच्या पडद्याचा पांढरा लाल-हिरवा-निळा मिसळून झालेला असतो, स्लाइडच्या रंगांशी त्याचं जमत नाही, त्वचा विचित्र येते.

पदराचं कारण साधं आहे, स्लाइड उलटी ठेवली गेलीय. चकचकीत बाजू लेन्सकडे आणि मंद बाजू उजेडाकडे हवी. कोडाक्रोम तिरकी धरून पाहा, मंद बाजूवर चित्राचे उंचवटे दिसतात. आणि आज्यांचा पदर नीट निरखा: गुजराती पदर उजव्या खांद्यावर मागून पुढे येतो, उलट्या स्लाइडमधला उजव्या खांद्यावरून मागे जातो.

ललितकला_फतेगंज:
आर्ट हिस्टरी शिकलेली आहे, म्हणून माझा आक्षेप वेगळा. घरी उतरवताना माणूस निवड करतो. आजी, बारसं, मुंज उतरवली जाते. रिकामी गल्ली, भिंत, दुकानाची पाटी, उंबऱ्यासमोरची रांगोळी "यात कोणी नाही" म्हणून बाजूला पडते. पुढे खोकं टाकायची वेळ आली की तीच आधी जाते.

आपल्याच गावातले चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट बघा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते गावोगावच्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या टिपत राहिले. एशिया आर्ट आर्काइव्हने 'द बडोदा आर्काइव्ह्ज' मध्ये त्यांचा संग्रह जतन केलाय. ती अंगणं आता तशी राहिलेली नाहीत. तुमच्या काकांनी सहज काढलेली मांडवीजवळच्या गल्लीची स्लाइड उद्या कुणाला तरी तितकीच लागेल.

म्हणून माझं म्हणणं: सगळ्या उतरवा, रिकाम्या वाटणाऱ्या आधी. माउंटच्या दोन्ही बाजूंचाही एक साधा फोटो घ्या. पेन्सिलीने लिहिलेला आकडा, धुतल्याचा महिना, सगळं त्यावर असतं. आणि कॅमेरा फाइलमध्ये आजची तारीख घालतो. ती दुरुस्त केली नाहीत तर सुरसागरच्या पाळीवरची मुलं काही वर्षांनी या दशकातली ठरतील.

हे सगळं घरच्या उत्साहात होईल यावर माझा विश्वास नाही. जाणत्या माणसाकडे द्यावं, तो आधी यादी करतो, मग प्रत.

दांडियाबाजार:
माउंटचा फोटो आजपासून घेणार, ताई. निवड न करण्याचंही मान्य. पण जाणत्या माणसाला रांगोळीतली रेघ कळेल, उंबरा कुणाच्या घरचा ते आत्यालाच माहीत. रिकाम्या गल्लीच्या स्लाइडवर ती सर्वांत जास्त वेळ बोलली, कुठल्या ओट्यावर कोण बसायचं ते सांगत. तुमच्या यादीत ते कोण लिहिणार?

ललितकला_फतेगंज:
तेच तर म्हणतेय, ते लिहायला हवं, आणि घरचे लिहीत नाहीत. बोलतात आणि उठतात. आत्याबाई बोलत असताना निदान फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा.

अलकापुरी_लेन्स:
शब्दांनी हा वाद सुटणार नाही. माझ्याकडे चालू फिल्म स्कॅनर आहे, रविवारी मोकळा आहे. तुमच्या स्लाइड्स घेऊन या, त्याच मी स्कॅन करतो, तुम्ही कॅमेऱ्याने काढा, आणि दोन्ही फाइली पूर्ण आकारात इथे टाकू. अट एकच: नुसत्या कोडाक्रोम नकोत. बुरशी धरलेली एक एक्टाक्रोम हवीच, १९७६ नंतरची, ई-६ या नव्या प्रक्रियेने धुतलेली.

दांडियाबाजार:
आणतो. माझीही अट आहे: बुरशीवर आधी कोणी ओला कापूस फिरवायचा नाही, बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. आहे तशीच दोघांनी उतरवायची. आणि डार्करूमवाले काका, एन्लार्जरची लेन्स एका दिवसासाठी द्याल का? कोपऱ्यांचा निकालही लागेल.

डार्करूमवाला:
लेन्स घेऊन मीच येतो. प्रोजेक्टरही आणतो.