मीटर रूममध्ये मांजरीची तीन पिल्लं, आई काल रात्रीपासून दिसत नाहीये, काय करू?

पहिला_पाऊस:
आम्ही डोंबिवलीला राहतो. काल रात्री वॉचमन काका बोलवायला आले, मीटर रूममध्ये जुन्या फ्लेक्सच्या खाली तीन पिल्लं आहेत आणि त्यांचं ओरडणं थांबत नाहीये म्हणून. बघितलं तर डोळे जेमतेम किलकिले झालेत, एक भुरं, दोन काळीपांढरी. पावसाचं पाणी आत आलंय, फ्लेक्स अर्धा भिजलाय. आई म्हणजे ती तीनरंगी मांजर परवापर्यंत पार्किंगमध्ये दिसायची, काल रात्रीपासून कुठेच नाही. मी एकाला ड्रॉपरने गाईचं दूध पाजायचा प्रयत्न केला पण निम्मं बाहेरच आलं. घरी आमचा चार वर्षांचा बोका आहे त्यामुळे घरात आणायला भीती वाटते, आणि सोसायटीतले एक काका सकाळपासून मागे लागलेत की मच्छी मार्केटला नेऊन सोडा, तिथे खायला मिळतं. एवढीशी पिल्लं काय मासे खाणारेत? प्लीज कोणीतरी लवकर सांगा.

सातघरं:
मच्छी मार्केटला अजिबात नेऊ देऊ नका. डोळे आत्ता उघडतायत म्हणजे साधारण आठ-दहा दिवसांची असतील. तिथे सोडणं म्हणजे मारणंच.

आधी पोटाला हात लावून बघा, गार लागतंय का. या वयात त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही, भुकेच्या आधी गारठ्याने जातात. पुठ्ठ्याचा खोका घ्या, पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पंच्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहील. बाटली दर दोन तासांनी बदला. भिजली असतील तर नुसती पुसा, आंघोळ नको.

आणि आईची आशा सोडू नका. आमची आजी म्हणायची मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, ते खरंच आहे, जागा भिजली की ती दुसरी कोरडी जागा शोधायला जाते आणि एकेक करून उचलते. माणसाचा हात लागला की घेत नाही हा गैरसमज आहे, घेते. खोका मीटर रूमच्याच कोरड्या कोपऱ्यात ठेवा, भोवती कणीक भुरभुरवा, आणि तुम्ही तिथून लांब व्हा. तुम्ही उभ्या राहिलात तर ती येणारच नाही. ठसे दिसले की समजायचं येऊन गेली. पण पिल्लं उबेत असतील तरच वाट बघा, गार पडली असतील तर सरळ घरात घ्या.

गोधडी_आणि_ड्रॉपर:
वरच्यांना पूर्ण अनुमोदन. दुधाबद्दल मी लिहिते कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. गाईच्या दुधाने जुलाब लागतात आणि एवढ्या जिवाचं अंगातलं पाणी काही तासांत संपतं. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते, मिल्क रिप्लेसर म्हणून मागा, आणि सुई काढलेली छोटी सिरिंज घ्या.

पाजताना पिल्लू कधीही बाळासारखं उताणं धरू नका. पोटावर, चारी पाय खाली, मान किंचित वर, जसं आईला पितं तसं. मी पहिल्या खेपेला उताणं धरून पाजलं, दूध फुफ्फुसात गेलं, नाकातून बुडबुडे आले आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं. माझ्या तळहातावर गेलं. म्हणून सगळ्यांना हे एकच सांगत असते, थेंब थेंब, ते ओढेल तेवढंच. आणि गार पिल्लाला पाजायचं नाही, पचत नाही, आधी ऊब मग दूध.

दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकेच पुसायचं, आई चाटते तसं, कारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपली आपण होत नाही. हे कोणी सांगत नाही आणि पिल्लं पोट फुगून जातात. किचनच्या काट्यावर रोज वजन करा, दिवसाला दहा ग्रॅम तरी वाढायला हवं. वाढलं नाही तर थेट डॉक्टरकडे.

बोक्याची_मावशी:
तुमच्या बोक्याचं: दोन आठवडे तरी पिल्लं वेगळ्या खोलीत, भांडी वेगळी, त्यांना हाताळल्यावर हात साबणाने धुवून कपडेही बदला. मांजरांचा पार्व्हो हा विषाणूचा आजार फार वाईट असतो, बोक्याची लस राहिली असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. पिसवा असतील तर बारीक दातांच्या फणीने काढा, कुत्र्यांचं पिसवांचं औषध चुकूनसुद्धा लावू नका, मांजरांना विषारी असतं. आणि आईला पकडताना तिने चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जा.

त्या काकांना शांतपणे सांगा की उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर नेऊन टाकणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्या सोसायटीत मात्र कायद्यापेक्षा दुसरं बोलणं चाललं, पिल्लांचं दूध सुटलं की त्या मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन मी करून आणते असं लेखी दिलं. दूध पाजत असतानाही मांजर परत गाभण राहू शकते, त्यामुळे मांजरं वाढत जातात ही सोसायटीवाल्यांची तक्रारही खोटी नसते.

पहिला_पाऊस:
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री साडेअकराला कणकेत ठसे दिसले!! मी जिन्यात बसून होते, दिवा बंद करून. ती आली, एक काळंपांढरं मानेला धरून नेलं, वीस मिनिटांनी दुसरं. भुऱ्यासाठी पहाटे पाचपर्यंत वाट बघितली, नाही आली. ते सगळ्यात लहान आहे, 140 ग्रॅम भरलं. बाटलीजवळ होतं तरी गार पडायला लागलं म्हणून घरात घेतलं, आता बाल्कनीच्या खोलीत आहे, बोका दाराबाहेर बसून वास घेतोय. दोन वेळा पाजलं, पोटावर ठेवूनच. पहिल्यांदा शू झाली तेव्हा मला रडूच आलं.

आईने त्या दोघांना पाण्याच्या टाकीमागे नेलंय, कोरडी जागा आहे. भुऱ्याला तिच्याकडे परत ठेवून बघू का?

गोधडी_आणि_ड्रॉपर:
हो, नक्की बघा. आधी नीट गरम करा, अर्धपोटी ठेवा म्हणजे भुकेने ओरडेल, आणि संध्याकाळी वर्दळ कमी झाली की टाकीजवळ ठेवून लांबून लक्ष ठेवा. तासाभरात घेतलं नाही तर उचलून आणा, रात्रभर तिथे ठेवू नका. घेतलं तरी उद्या एकदा वजन करून बघा, दोन दांडग्या भावंडांत लहानाला सड मिळत नाही. 150 झालं की इथे लिहा, मी वाट बघतेय.